तळपायावरचा टिपका

“माह्या भरोशावर लेकरू टाकून जाऊ नको, शीला. मंग म्हनशीन, का बुढीनं सांगितलं नाई.”

सासूने हे म्हटलं तेव्हा मी आरशाच्या तुकड्यासमोर वेणी घालत होते. तोंडात रिबीन धरलेली, म्हणून हसले ते नुसतं नाकातून. नऊ महिन्यांची मित्रा तिच्यापुढे पालथी पडून सुपातले तांदूळ ओढत होती. सासूला आमच्याकडे आत्या म्हणतात. मी म्हटलं, “आत्या, तुम्ही चार लेकरं वाढवली. ही एक काय जड झाली तुम्हाला?”

“म्या नाई वाढवली,” आत्या म्हणाली. “वाढली ते.”

तेही मी कानाआड केलं. मला साडेदहाच्या आत हजेरीवर सही करायची होती.

त्र्याहत्तर सालचा आषाढ. पाऊस महिनाभर उशिरा आला होता. पऱ्ह्याचं, म्हणजे धानाच्या कोवळ्या रोपांचं, वाफ्यातच पिवळं पडणं चाललं होतं. आदल्या वर्षीही धान पोचट निघालं होतं. घरातल्या धानाच्या ढोलीत हात घातला की कोपरापर्यंत जाई आणि मगच दाणा लागे. पाऊस आला तसं सगळं गाव एकदमच बांध्यांत, धानाच्या खाचरांत, उतरलं. रोवणा, म्हणजे लावणी, पंधरा दिवसांत उरकला नाही तर पऱ्हं जनावरांना घालायच्या कामाचं राहतं. भोजराज, माझे मालक, पहाटे भाड्याची बैलजोडी घेऊन चिखल करायला जात ते दिवेलागणीला मांड्यांपर्यंत चिखलाने लिंपून येत. शेजारची विमलाबाई, जी एरवी मित्राला कडेवर घेऊन फिरे, तीही रोवण्याच्या मजुरीला गेली. घरात उरली आत्या. गुडघे गेलेली, म्हणून तिला बांधीत कोणी बोलावत नव्हतं.

आणि मला नेमकी त्याच महिन्यात नाल्यापलीकडच्या शाळेत जागा मिळाली होती. एक बाई रजेवर होत्या, तेवढ्यापुरती. बालाघाटच्या कॉलेजातून बी. ए. झालेली आमच्या घरात मी एकटी. हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “बहनजी, बच्चा स्कूल में नहीं लाना. और छुट्टी का तो नाम ही मत लेना. दूसरी बहनजी आने को तैयार बैठी है.” त्यांनी ते गोडीत सांगितलं. शाळेच्या माठाशेजारी माझ्यासाठी पितळेचा एक वेगळा पेला ठेवला होता, तोही त्यांनी तितक्याच गोडीत दाखवला.

मी मित्राला दूध पाजलं, आंघोळ घातली, आणि माझी आई करायची तसा तिच्या उजव्या तळपायावर काजळाचा टिपका लावला. दिसू नये पण असावा, अशा जागी.

आत्याच्या हातातलं सूप खाली पडलं. “हे काय दिलं हिले?”

“काय देणार? दूध दिलं.”

“दुसरं काई?”

“दुसरं काय देतात नऊ महिन्यांच्या लेकराला?”

ती पोरीच्या तळपायाकडे पाहत राहिली. मला वाटलं, म्हातारीला हे नजरबिजरेचं खूळ आवडलं नसावं. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेली बाई ती. मी म्हटलं, “बरं, उद्यापासून नाही लावत.”

“लाव,” ती घाईने म्हणाली. “लावायचं तर रोज लाव. एक दिस लावायचं न एक दिस नाई, असं करू नको.”

नाला कमरेइतका नव्हता, पण पोटरीइतका होता. चपला हातात, साडी खोचलेली, पोथी-पुस्तकं डोक्यावर. शाळेत पोचले की पाय धुवायचे, मग वर्ग. पहिले दोन तास बरे जात. साडेबाराच्या सुमारास छाती दगडासारखी व्हायची. मी मुलांना पाढे म्हणायला लावी आणि फळ्याकडे तोंड करून उभी राही. पदराखाली दुमडलेल्या फडक्याची घडी ओली होऊन पोलक्यावर डाग पडे. एकदा डाग पडला तेव्हा हेडमास्तर दारात उभे होते. ते खिडकीतून नाल्याकडे पाहू लागले. पोरं मात्र पाहत होती.

संध्याकाळी धावत घरी यावं तर मित्रा जागी. डोळे लाल, नाक चोंदलेलं, आवाज बसलेला. मी पदराखाली घेतलं की चार घोट घ्यायची आणि तोंडात दूध तसंच ठेवून झोपून जायची, मेल्यासारखी. दूध गालावरून कानात उतरे. पहिल्या दिवशी वाटलं, माझी आठवण काढून रडली असेल. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या दिवशीही तसंच.

आणखी एक गोष्ट मी पाहून ठेवली होती. आत्या पोरीचं सगळं अंग पुसून ठेवी, कानामागचा मळसुद्धा काढी. पाय मात्र तसेच. मातीने भरलेले, टिपका शाबूत.

“काही खाते का दिवसभर?” मी विचारी.

“पेज खाते.”

“आणि झोपते किती?”

आत्या उठून चुलीकडे जाई. गुडघ्यावर हात देऊन उठायला तिला वेळ लागे, तेवढ्यात माझा प्रश्न विरून जाई.

शुक्रवारी विमलाबाई नाल्यावर भेटली. पाठीवर घोंगडीची खोळ, बोटं पाण्याने पांढरी फटक झालेली.

“काय वो मास्टरीनबाई, तुह्या घरी बँड लावला का म्हातारीनं?”

“कसला बँड?”

“दुपारची भाकर घ्याले घरी आलतो मी. तुही सासू थाली वाजवून राह्यली पोरीच्या कानाशी. पोरीची मान अशी पडून राह्यली, अन् ते वाजवून राह्यली. म्या म्हटलं, काहून वो बाई, लगन हाय का कोनाचं? तं मले म्हनते, जाय आपल्या कामाले.” ती हसली. मग माझं तोंड पाहून हसायची थांबली. “म्हातारपनात होते असं. पाह्य, ध्यान मात्र ठेव लेकरावर. मी म्हटलं म्हनून सांगू नको.”

शनिवारी शाळा सकाळची. मी सांगितलं नाही. अकरालाच परतले आणि दारातून आवाज न करता पाहिलं.

आत्या भिंतीला टेकून बसली होती. मित्रा मांडीवर. पोरीची मान मागे कलंडत होती, पापण्या मिटत होत्या. मिटल्या की आत्या लोट्यात बोटं बुडवून तिच्या डोळ्यांवर पाणी शिंपडायची. पोर दचकून ओरडायची, आणि ओरडली की आत्याचा चेहरा जरा सैल व्हायचा. “उठ वो माय. झोपू नको. तुही माय येऊ दे, मंग झोप. उठ, मले तुहे डोळे दाखव.” तिच्या स्वतःच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

मी पोरीला ओढून घेतलं. त्या वेळी मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिणार नाही. छळ म्हटलं. हाडवैर म्हटलं. नातू नाही, नात झाली म्हणून का, असंही म्हटलं, जे मला खरं वाटत नव्हतं. आत्या ऐकत राहिली.

“म्या तुले सांगितलं होतं,” एवढंच म्हणाली.

दुपारभर पाऊस पडला. छपराच्या कवेलूंतून गळणाऱ्या जागी भांडी मांडली होती, त्यांत थेंब वाजत होते. मित्रा सलग झोपली होती. दिवस कलताना आत्याने सूप पुढे ओढलं, तांदळातले खडे वेचायला लागली, आणि माझ्याकडे न पाहता बोलू लागली.

“तुले मालूम हाय, मी शाळेत जात होतो?”

मला माहीत होतं ते इतकंच, की तिला अक्षरं लावून वाचता येतं. ती तिच्या वयाच्या बायांत एकटी होती.

“दोन वर्सं गेलो. तिरोडीकडं. बाप माहा खानीत होता, महागू नाव. मायबी खानीतच. मँगनीजचा दगड हातोडीनं फोडाचा, टोपलीत भराचा, डोक्यावर न्याचा. एकदा नागपूरहून कार्ड आलं बापाले. वाचाले कोनी भेटलं नाई. तीन दिस खिशात घेऊन हिंडला. तीन दिसांनी मालूम झालं का त्याची माय मेली. तव्हा तो म्हने, पोट्टीले शाळेत टाकतो. वस्तीतले हसले त्याले. पोट्टीले काय डिप्टी कराचं हाय का? पन टाकलं त्यानं. आमी वसरीवर बसो. आत नाई. मास्तर आतून सांगे, आमी बाहेरून आयको. पाऊस आला का पाटी पोटाखाली घ्याची.”

“किती वर्षांच्या होता तुम्ही?”

“नऊ असन. धाकटा भाऊ होता, चैतराम. साताठ महिन्यांचा. मायले टोपली उचलाची, तं लेकरू कोन पाहील? मीच. काखेत घेऊन जावो शाळेत. रडला का मास्तर म्हने, शेवंती, त्याले घेऊन निंघ. निंघाचं. अर्धी शाळा माही निंबाच्या झाडाखालीच झाली.”

तिने एक खडा वेचून बाजूला ठेवला.

“तव्हा अफीम सरकारी ठेक्यावर भेटे. खानीतल्या साऱ्याच बाया देत. मोहरीच्या दान्याएवढी, बोटावर घेऊन दुधात. लेकरू दुपारपर्यंत झोपते, माय काम करते. कोनी त्याले वाईट म्हनत नसे. आता तू जशी बाटलीचं औषध देतेस, तसं. कधी माय दे, कधी मी देवो. मंग दोघीनं देऊ नये म्हनून मायनं एक रीत केली होती. जिनं दिली तिनं लेकराच्या तळपायाले काजळाचा टिपका लावाचा. टिपका हाय तं दिली. टिपका नाई तं देनं हाय.”

भांड्यात थेंब पडत होते. माझ्या हाताला मित्राचा पाय लागला. मी तो धरून ठेवला.

“डिप्टी येनार होता शाळा तपासाले. मास्तर म्हने, शेवंती, तुले वाचाले उभं करीन, पन सोच्छ ये. डिप्टीसमोर वसरीवरचं बी पोरगं वाचते हे दिसलं पाह्यजे त्याले. माय अंधारातच गेलती कामाले. म्या आंग धुतलं. चैतराम शेंबडा, मुतलेला. त्याले तसं काखेत घेऊन कशी जाऊ? त्याले बी धुतलं. मुंडक्यापासून पायापर्यंत. माती लावून घासून धुतलं, बाई. मंग तो रडाले लागला. म्या पाय पाह्यला. टिपका नव्हता. म्या दिली.”

“म्हणजे आईनं दिलीच नव्हती?”

“दिली होती.” आत्याचे हात सुपात थांबले. “म्या धुवाच्या अगोदर पाय पाह्यला होता का नाई, हे मले आजपर्यंत समजलं नाई. कधी वाटते, नाई पाह्यला. कधी वाटते, पाह्यला, काळा टिपका पाह्यला, पन मले वाचाले उभं राहाचं होतं. पन्नासाच्या वर वर्सं झाली. रोज पाह्यतो मी तो पाय. कधी टिपका दिसते, कधी नाई दिसत.”

मी मित्राच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

“डिप्टीनं मले वाचाले लावलं. एक बी अक्षर चुकलं नाई. तो म्हने, शाबास, कोनाची हाय ही? मास्तरनं सांगितलं. मंग तो काई नाई बोलला, पन शाबास म्हटलं होतं. चैतराम निंबाखाली झोळीत होता. त्याले काखेत घेतलं, घराकडं निंघालो. रस्त्यानं बाया भेटल्या. म्हने, किती सुदं लेकरू हाय वो तुहं, आवाज नाई. म्या म्हटलं, हौ, झोपला. दीड कोस चाललो मी त्याले घेऊन. मनातल्या मनात धडा म्हनत चाललो.”

बाहेर भोजराजांच्या बैलांच्या घंटा वाजल्या. ते आत आले नाहीत, गोठ्याकडे गेले.

“माय घरी आली. तिनं पह्यले त्याचं तोंड नाई पाह्यलं. पाय पाह्यला. सोच्छ होता. मंग माह्याकडं पाह्यलं. मारलं नाई तिनं मले. शिवी नाई देली. पन मरेपर्यंत माह्या हातचं पानी नाई घेतलं तिनं. मी लोटा समोर केला का म्हने, ठेव तिथं. मी दूर झालो का मंग घे.”

तिने सूप पाखडलं. “शाळा सुटली. भोजराजले, त्याच्या बहिनींले, साऱ्याले माह्या सासूनं पाह्यलं. मी बाळंतपनाच्या बाराव्या दिशी बांधीत जावो. लोक म्हनत, कशी वो ही माय, छाती दगडाची हाय. म्हनू देल्लं. नागपूरले लाख लोक एका आवाजात म्हनून राह्यलते. पह्यलं शील आलं, जीव घेनार नाई म्हनून. माह्यं तोंडच नाई उघडलं. दुसऱ्यापासून म्हटलं मी.”

तेव्हा मला आठवलं. घरात वंदना होई तेव्हा आत्या पहिल्या शीलाला पदर सावरायची, खोकायची. तीन वर्षं मी ते पाहत होते आणि त्याचा अर्थ म्हातारीचा खोकला असा लावला होता.

मी रडले. तिचा हात धरला. तो लाकडासारखा होता. शिकलेल्या बाईने बोलावं तसं बोलले. तुम्ही लहान होता, तुमचा दोष नाही, तेव्हा सगळेच करत. आणि मग, याच तोंडाने, मी म्हटलं, “सोमवारी मित्राला झोपू द्या, आत्या. तुम्ही नुसतं जवळ बसा. लेकरू झोपतं आणि उठतं. एकदा पाहा तर. जे होईल ते माझ्यावर.”

“तुह्यावर?”

“माझ्यावर.”

तिने सूप बाजूला ठेवलं. “तू म्हनतेस तं,” ती म्हणाली.

रविवारी आम्ही तिघीही घरातच होतो. तो माझ्या सासरातला सर्वांत चांगला दिवस होता. आत्याने मित्राच्या डोक्याला तेल चोळलं. मला शाळेतला तो धडा म्हणून दाखवला, हिंदीतला, एका गाईवरचा. एकही अक्षर चुकली नाही.

सोमवारी मी टिपका लावला आणि निघाले.

दहाच्या पुढे आभाळ फाटल्यासारखं झालं. मी हजेरी घेत होते. नावं घेता घेता मला एक शब्द ऐकू येऊ लागला, मोहरीएवढी. मोहरीएवढी. वर्गात चाळीस पोरं ‘हाजिर’ म्हणत होती आणि मला वाटत होतं, तिला अजून मिळत असेल का? आता बंदी आहे. पण बाजारात कुणाकुणाच्या कमरेला असतेच म्हणतात. म्हाताऱ्या माणसांना गुडघ्यांसाठी लागते. आत्याचे गुडघे दुखतात. ती रोज बटवा उघडते, चिमूटभर काहीतरी तोंडात टाकते. तंबाखूच आहे ना तो? मी कधी पाहिलं आहे? जी बाई आठ दिवस लेकराला झोपू देत नव्हती, तिला मी झोपव म्हणून सांगून आले. ती कशी झोपवेल?

हा विचार एकदा आला तो गेला नाही. शनिवारी ज्या बाईचा हात धरून मी रडले होते, तिच्याबद्दल मी हा विचार केला, हे लिहायला हवं म्हणून लिहिते आहे.

नाला चढतो आहे म्हणून हेडमास्तरांनी बाराला शाळा सोडली. मी पळत निघाले. पाणी मांडीपर्यंत होतं. एक चप्पल गेली.

आमच्या दाराशी आले तर घर शांत. थाळीचा आवाज नाही, रडण्याचा नाही. विमलाबाई अंगात ताप म्हणून त्या दिवशी घरीच होती, ती पडवीत गोधडी पांघरून बसलेली. “तुह्या घरी आज बँड बंद हाय,” ती म्हणाली.

आत मित्रा उताणी झोपली होती, तोंड उघडं, एक हात डोक्याकडे फेकलेला. आत्या तिच्याशेजारी पाय पसरून बसली होती आणि तिचं एक बोट पोरीच्या नाकाखाली होतं. मला पाहून तिने दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. ती हसत होती. तीन वर्षांत मी तिचे दात पाहिले नव्हते, ते मला दिसले.

“झोपली,” ती कुजबुजली. “दोन घंटे झाले. श्वास घेऊन राह्यली, पाह्य.”

मी पोरीला उचललं. मान लटकी पडली. मी तळपायावर चापट मारली आणि पाहिलं, तळपाय स्वच्छ होते. धुतलेले. दोन्ही. टिपका कुठेच नव्हता.

“काय दिलंत तिला?”

आत्याचं हसू अजून पूर्ण गेलं नव्हतं.

“काय दिलंत तिला? आत्या, काय दिलंत?” मी किंचाळत होते. विमलाबाई दारात येऊन उभी राहिली. मी पोरीच्या तोंडात बोट घातलं, वास घेतला, पाठीवर मारलं, गालांवर मारलं. आठ दिवसांची झोप साठलेलं लेकरू ते, लगेच कसं उठणार? मी एका हाताने तिला धरून दुसऱ्या हाताने आत्याच्या कमरेचा बटवा ओढला. नाडी तुटली. तंबाखू, सुपारीचे तुकडे, चुन्याची डबी सगळं जमिनीवर ओतलं. डबी उघडून नाकाला लावली. चुना होता.

मित्राने डोळे उघडले आणि मोठ्याने रडायला लागली. भूक लागल्याचं रडणं. ती धडधाकट होती.

विमलाबाईने पदर तोंडाला लावला. आत्याने हळूहळू लुगड्याच्या पदराची गाठ सोडली. तिच्यात दहा पैशाचं नाणं आणि एक वेलदोडा होता. ते तिने माझ्यापुढे ठेवलं.

“हे बी पाह्यून घे,” ती म्हणाली. “शिव्या देऊन नाई राह्यलो मी. बराबर केलं तू. पाह्यलंच पाह्यजे. पाय म्याच धुतले. वाटलं, आज धुवून पाहावं.”

मी माफी मागितली. त्या संध्याकाळी मागितली, दुसऱ्या दिवशी मागितली. ती म्हणे, “त्यात काय झालं.” पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्याआधी उठून बांधीकडे निघाली होती. भोजराज म्हणाले, “माय, तुह्याच्यानं होनार नाई.” तिने ऐकलं नाही. उरलेले पाच दिवस ती गुडघाभर चिखलात उभी राहून रोवत होती. तिच्या ओळी वाकड्या येत, मागून दुसरी बाई त्या सरळ करी. बायका तिला वाकडी लाईन म्हणून चिडवत. संध्याकाळी दोघी तिला बखोट्याला धरून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चढवत. माझी जागा त्याच आठवड्यात गेली, कारण मी मंगळवारपासून घराबाहेर पाऊल टाकलं नाही. दुसऱ्या बहनजी खरोखर तयार बसल्या होत्या.

त्या पाच दिवसांत आत्याने मित्राला एकदाही हात लावला नाही. पोर रांगत तिच्याकडे गेली की ती हात मागे घेई. मी मुद्दाम एकदा मित्राला तिच्या मांडीवर ठेवायला गेले. ती म्हणाली, “ठेव तिथं,” आणि जमिनीकडे बोट दाखवलं.

रोवणा संपला त्या दिवशी बायकांनी एकमेकींना चिखल फासला, गाणी म्हटली, आमच्या घरी वडे तळले गेले. आत्याने खाल्ले नाहीत. दुसऱ्या दिवशी ती तिरोडीला निघाली. तिथे तिचा भाचा पुनाराम खाणीत कामाला होता. “चार दिस राहून येतो,” म्हणाली. भोजराज तिला कटंगीपर्यंत सोडून आले.

चार दिवसांचे दोन महिने झाले. भोजराज दोनदा आणायला गेले. आली नाही. दिवाळीनंतर पुनाराम बायकोमुलांसह दुसऱ्या खाणीवर गेला, तरी ती तिथेच राहिली, त्याच्या रिकाम्या खोलीत एकटी. मी स्वतः एकदा गेले, मित्राला घेऊन. आत्याने दार अर्धंच उघडलं. वाळून गेली होती. माझ्या कडेवर मित्रा पेंगत होती. आत्याने तिच्याकडे पाहिलं मात्र, आणि दार लोटून घेतलं. आतून म्हणाली, “लेकरू घेऊन जाय, शीला. झोप येऊन राह्यली त्याले.” मी तासभर ओट्यावर बसले. गाडीची वेळ झाली.

संक्रांतीला पुनारामने निरोप दिला होता की म्हातारी बरी आहे. त्यानंतर काही नाही. मी चार कार्डं टाकली. तिला वाचता येतं. मोठ्या अक्षरांत लिहिलं, जोडाक्षरं टाळून लिहिलं. उत्तर नाही. कार्ड परतही आलं नाही. भोजराज फाल्गुनापासून भिलाईला कामावर आहेत, त्यांना सुट्टी मिळत नाही. आणि मी परवा बाळंत झाले. या वेळी मुलगा आहे. मित्रा त्याच्या पायाशी बसून असते. मी त्याच्या तळपायावर काही लावत नाही. दर थोड्या वेळाने त्याच्या नाकाखाली बोट धरते. लिहिता लिहिता आत्तादेखील दोनदा धरून आले.

म्हणून हे वाचणाऱ्यांना माझं एक मागणं आहे. तुमच्यापैकी कोणी तुमसरहून तिरोडीच्या गाडीने जात असाल, किंवा तुमचं कोणी तिथे खाणीवर असेल, तर स्टेशनातून बाहेर पडल्यावर रूळ ओलांडून उजवीकडे जा. खाणीतून काढलेल्या काळ्या मातीचा डोंगर दिसेल. त्याच्या अलीकडे कवेलूंच्या खोल्यांची ओळ आहे. शेवटच्या खोलीपुढे बोरीचं झाड आहे आणि त्यामागे लहान लेकरं पुरायची जुनी जागा. त्या खोलीत शेवंताबाई नावाची म्हातारी राहते. बाहेर येणार नाही, दार लोटलेलं असेल. ते ढकला. ती झोपलेली दिसली तर झोपू द्या म्हणून मागे फिरू नका. जवळ जा, हाक मारा, उठेपर्यंत मारा. आणि मग मला कळवा.